रत्नागिरीत आपलं कोण आहे?

आमच्या वसमतकडं माणूस गाव सोडून कुठंही निघाला की लोक त्याला पहिला प्रश्न विचारतात, "तिथं कोन हाये तुमचं?" कशासाठी चाललात, कोणत्या गाडीनं, परत कधी, हे सगळं नंतर. नांदेडला निघालात तर बहीण, परभणीला निघालात तर साडू, हैदराबादला निघालात तर आत्याचा मुलगा, असं काहीतरी उत्तर तयार ठेवावं लागतं. ज्या गावात आपलं कोणी नाही त्या गावाला जायचं कारणच आम्हाला दिसत नाही. देवदर्शनाला जातानासुद्धा आम्ही वाटेत कोणाचं घर लागतं ते आधी पाहतो आणि मग देव ठरवतो, असा माझा संशय आहे. देवानं रागावू नये.

म्हणून हलीमाभाभीनं साठी जवळ आल्यावर रत्नागिरीला जायचं मनात घेतलं तेव्हा अख्ख्या गल्लीचं घोडं तिथंच अडलं.

हलीमाभाभी म्हणजे माझ्या समोरच्या बद्रुद्दीनभाईंची बायको. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आणि माझी पिठाची गिरणी यांच्यामध्ये फक्त रस्ता आहे. बद्रुभाई यंत्रावर कापूस पिंजतात, खोळीत भरतात, काठीनं झोडून सारखा करतात. त्यावर टाके घालायचं काम भाभीचं. लांब सुई घेऊन ती गादीवर बसते आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत जाते. टाका इतका सरळ की पट्टीनं आखल्यासारखा. पिंजणयंत्रापाशी जन्म गेल्यामुळं बद्रुभाईंना कमी ऐकू येतं. माझ्या गिरणीमुळं मला मोठ्यानं बोलायची सवय. त्यामुळं आमचं छान जमतं. लोक मला फटकळ म्हणतात. गिरणीवालीनं हळू बोलून चालेल का, ते त्यांनीच सांगावं.

घर दुकानाच्या मागंच, आणि बसस्टँड हाकेच्या अंतरावर. हेच भाभीचं नशीब. शिरड शहापूरहून कोणी हळद विकायला मोंढ्यात आलं, औंढ्याहून कोणी दवाखान्यात आलं, कोणाच्या लेकराची परीक्षा आली, की सगळ्यांची पायवाट तिच्या उंबऱ्यावरून जाते. दारात सावली पडली की आतून आवाज येतो, "बसा, बसा." कोण आलंय ते ती नंतर बघते. आधी बसा, मग पाणी, मग चहा, आणि जेवायची वेळ असली तर जेवण. पाहुणा संकोची असला तर जेवायची वेळ ती पुढं-मागं करून घेते.

वर तिच्या हातचा दालचा. हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच आणि मटण. मी मटण खात नाही, माझ्यासाठी ती बिनमटणाचा वेगळा काढते, आणि त्या वाटीसाठी माझ्या घरात भांडणं होतात. पण हाच दालचा तिच्या मुळावर आला. ती कुठंही पाहुणी म्हणून जावो, तिची चप्पल दाराशी निघते न निघते तोच घरातून कोणीतरी ओरडतं, "भाभी आल्या! आज दालचा होऊ द्या!" मग बुरखा खुंटीला आणि भाभी चुलीला. हैदराबादला ती चार लग्नांना गेली आणि चारमिनार तिनं रिक्षातून पाहिला, तोही जाताना. येताना रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं आली.

एवढं असून तिचा चेहरा कधी आंबट नाही. मला असं जगावं लागलं असतं तर मी दोन पाहुणे जात्यात घातले असते.

रत्नागिरीचं बी पेरलं ते बँकेतल्या प्रियदर्शनी मॅडमनी. त्या तिकडच्याच, बदलीनं वसमतला आल्या होत्या. गादी बद्रुभाईंकडं केली होती. परत रत्नागिरीला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला आल्या. भाभीनं अर्थातच बसवलं, चहा केला आणि टाके घालता घालता सहज विचारलं, "कसं हाये वो तुमचं गाव?"

मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवले. उंचावर वसलेलं गाव, खाली समुद्र. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं तो राजवाडा. आणि एका डोंगरावर किल्ला, त्याच्या तीन बाजूंना पाणीच पाणी. वर भगवतीचं देऊळ, खाली मासेमारीच्या होड्या.

"तिथं जाऊन काय करतेत?" भाभीनं विचारलं.

"काही नाही हो. तटावर बसायचं. वारा खायचा."

"आन् कोनी काही म्हनत न्हाई?"

मॅडम हसल्या. "कोण म्हणणार? तिथं ओळखतं कोण तुम्हाला?"

मी तेव्हा तिथंच होते. उशीच्या खोळी आणायला गेले होते. भाभीची सुई कापसात तशीच उभी राहिली, एवढं मला आठवतं.  त्यानंतर ती अधूनमधून मला विचारायची, "ताई, समुद्राचा आवाज रात्री बी येतो का वो?" मला काय माहीत? मी आपली पूर्णा नदीच्या पलीकडं फार गेलेली नाही. मी म्हणायची, येत असंल.

या थंडीत रजयांचं काम उरकलं, लग्नसराईच्या गाद्यांना अजून अवकाश होता, रमजान पुढं होता. एका दुपारी भाभीनं नवऱ्याला सांगून टाकलं. नवराबायको आपसात त्यांच्या दखनीत बोलतात, मी माझ्या बोलीत सांगते.

"रमजानच्या आधी मला रत्नागिरीला जायचं हाये."

बद्रुभाईंनी यंत्र बंद केलं. "रत्नागिरीला? तिथं कोन हाये आपलं?"

"कोनी न्हाई."

एवढंच बोलणं झालं. पण ते दोन शब्द दोघांनी दोन तऱ्हेनं घेतले. ती जे सुख म्हणून सांगत होती, ते त्यांना दुःख वाटलं. बिचारीचं तिकडं कोणी नाही, असा त्यांनी अर्थ घेतला. आणि आमच्याकडच्या कुठल्याही भल्या माणसानं घेतला असता तो असाच.

जायला त्यांची ना नव्हतीच, उलट ते हरखले. गिरणीत रोज बेत शिजायला लागले. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढं घाट उतरून एसटी. प्रियदर्शनी मॅडमनी फोनवर एका साध्या स्वच्छ लॉजचं नाव दिलं. दळणाला आलेला प्रत्येक माणूस सल्ला देऊन जायचा, त्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. आमचे सोनाजी आबा म्हणाले, "तिकडं निस्ता भात खातेत. ज्वारीचं पीठ घेऊन जा सोबत, दोन पायल्या. भाकर न्हाई खाल्ली त मानूस फिरंल कसा?"

भाभी तिथंच चाळणी हातात घेऊन उभी होती. शांतपणे म्हणाली, "मी पीठ नेनार न्हाई आबा."

गिरणीवालीच्या तोंडावर हे बोलणं! पण मला गंमत वाटली. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी दळणाचा विषय बदलला.

बद्रुभाईंना राजाची काळजी लागली होती. "निर्मलाबाई, तो ब्रह्मदेशचा राजा. तिथं त्याचं बी कोनी न्हवतं. कसे दिवस काढले असतेल बिचाऱ्यानं?" मी म्हटलं, "राजवाडा होता की." ते म्हणाले, "राजवाड्याला काय करायचं? आजारी पडला तर खिचडी कोन देनार?" आणि मला त्याच वेळी कळायला हवं होतं की हा माणूस स्वस्थ बसणार नाही.

तो बसला नाहीच. रोज दुपारी यंत्र बंद करून फोन. कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा, म्हणजे सगळ्या रस्त्याला ऐकू जाणारा. परभणीला झाला, जिंतूरला झाला, नांदेडला लेकीला झाला. "आपलं रत्नागिरीला कोन हाये का गं?" शेवटी शिरड शहापूरच्या मुजफ्फरला फोन लागला. मुजफ्फर भाभीचा चुलतभाऊ. त्याच्या मावशीची मुलगी शाहिस्ता. तिचा नवरा एसटीत मेकॅनिक, बदली होऊन रत्नागिरीला गेला आणि तिकडंच राहिला. घरही कुठं, तर त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी, मिरकरवाड्याच्या बाजूला! ज्या बाईला भाभीनं जन्मात पाहिलं नव्हतं, ती एका दुपारीत तिची बहीण झाली. फोनवर बोलणं झालं. तुमी आमच्याकडंच उतरायचं, दुसरं कुठं उतरलात तर मुजफ्फर आमाला तोंड दाखवू देनार न्हाई, असं तिच्या नवऱ्यानं बजावलं. आणि शेवटी म्हणाला, "भाभींच्या दालच्याचं लई नाव ऐकलंय."

दालचा घाट उतरून त्यांच्या आधीच कोकणात पोचला होता.

बद्रुभाई पेढे घेऊन आले. आधी माझ्या हातावर ठेवला, मग रस्ता ओलांडून दुकानात गेले. भाभी टाके घालत होती. "लॉजची गरज न्हाई!" ते म्हणाले. "तुझं तिथं कोनी न्हाई म्हनत हुतीस ना? हाये! किल्ल्याच्या खालीच हाये!" आणि सगळी नात्याची माळ त्यांनी मुजफ्फरपासून शाहिस्तापर्यंत एका दमात ओवून दाखवली. त्यांना इतकं खूश मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. भाभीनं पेढा घेतला. "बरं झालं," म्हणाली आणि पुन्हा टाके घालायला लागली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीत आली. माझ्याकडं एका बाजूला मिरची-मसाल्याचं कांडप आहे. तिनं भाजलेल्या मसाल्याचं पातेलं पुढं केलं.

"आता हे कशाला? पाहुने कोन येऊन राहिले?"

"रत्नागिरीला न्यायला," ती म्हणाली. "तिकडं आपल्यासारखा मसाला न्हाई भेटत."

मी कांडप सुरू केलं नाही. तिच्या हाताला धरून तिला पोत्यावर बसवलं.  मग एकदम तिचे डोळे भरले, आणि मी तिच्या शेजारात इतकी वर्षं काढली, पण मला ती अशी कधी दिसलेली नव्हती.

"ताई," ती म्हणाली, "मला येकदा अशा जागी बसायचं हुतं जिथं मला कोनी भाभी म्हननार न्हाई. तेवढंच. माज्या मानसांचा मला कटाळा न्हाई वो. अल्लाकसम न्हाई. पन चार दिवस कोनाची कोनी नसावं वाटत हुतं."

"मग सांग की नवऱ्याला!"

"कसं सांगू? येवढ्या मेहनतीनं शोधलं त्यांनी. किती खूश हायेत बघा. न्हाई, तुमी काही बोलू नका."

मी बोलणार नाही असं म्हटलं. मसाला कुटून दिला. ती घरात गेली आणि मी सरळ रस्ता ओलांडला. मला काही गोष्टी जमत नाहीत, तोंड बंद ठेवणं ही त्यातली पहिली.

"बद्रुभाई, यंत्र बंद करा," मी ओरडले. आणि सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण डोक्यात शिरत नव्हतं.

"बसायचं हाये?" ते म्हणाले. "पन ती तर दिवसभर बसूनच असती. उभ्याचं काम मी करतो. टाके घालायला बसावंच लागतं."

"ते बसनं न्हवं बद्रुभाई. ते काम हाये."

त्यांनी समोर पसरलेल्या गादीकडं पाहिलं. अर्धी टाक्यांची, अर्धी कोरी. मधे सुई खोचलेली. बराच वेळ ते त्या सुईकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "हैदराबादला ती म्हनली हुती, येक तास चारमिनारपाशी थांबू. मीच म्हनलो, पोरीकडले वाट बघून राहिले, मटन चुलीवर हाये." आणि टोपी काढून डोकं खाजवत बसले.

समजलं हे चांगलंच झालं, पण पेच सुटला नव्हता. गावात नात्याचं घर असताना लॉजवर उतरायचं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार आपटणं. शाहिस्ताच्या घरात एव्हाना चादरी धुऊन झाल्या असतील. मुजफ्फरचं नाक मधे. आणि जायचंच रद्द करावं, तर भाभीचं तेवढंही जाणार. बद्रुभाई दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आले, "काही तरी सांगा बाई, तुमी हुशार हायेत."

मी काय, उंटावरची शहाणी. मी भराभर थापा रचून दिल्या. लॉजचे पैसे भरून झालेत म्हणा. बँकेच्या मॅडम ऐकत नाहीत म्हणा. भाभीला पायऱ्या चढवत नाहीत म्हणा. ते एकेक थाप तोंडातल्या तोंडात घोळवायचे आणि मान हलवायचे. "मॅडमवर काहून ढकलायचं? आन् पायऱ्या चढवत न्हाई म्हनलं, तर मंग किल्ल्यावर कशी चढनार?" खोटं बोलायलाही अंगात हुशारी लागते.

शेवटी त्यांनी गिरणीतच फोन लावला. मला म्हणाले, "मोटर बंद करा." मी दळण अर्ध्यात थांबवलं. सोनाजी आबा ज्वारीच्या पोत्यावर बसले होते, तेही कान टवकारून. फोन शाहिस्तानं उचलला. सलाम-दुवा झाली. आमच्या बोलीतला आवाज, इतकी वर्षं कोकणात राहूनही न बदललेला. "कवा निघून राहिले भाईजान? मी खोली मोकळी करून ठिवली."

बद्रुभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खुणेनं सांगतेय, लॉज, पैसे, मॅडम. त्यांनी डोळे मिटले.

"शाहिस्ताआपा, माफ करा," ते म्हणाले. "आमी तुमच्याकडं न्हाई उतरनार. तुमची काही चूक न्हाई. माझी बायको जन्मभर लोकांच्या घरी उतरली आन् जिथं उतरली तिथं चुलीपाशी बसली. तिला ह्या येळी निस्तं बसायचं हाये. किल्ल्यावर. तुमाला राग आला तर मला शिव्या द्या, तिला देऊ नका."

झालं! मी कपाळावर हात मारला.  सोनाजी आबांनी तंबाखू मळायची थांबवली. फोन तुटला की काय असं वाटलं.

मग शाहिस्ता बोलली. आवाज बदललेला होता.

"भाईजान, माझं घर किल्ल्याच्या खाली हाये. आंगनातून तट दिसतो. पन लगीन होऊन आल्यापासून मी वर बसले न्हाई. परभनीचे येतेत, जिंतूरचे येतेत, समद्यांना किल्ला बघायचा असतो. ते बघून येतेत, तवर माझा सैपाक हुतो."

बद्रुभाईंनी डोळे उघडले.

"तुमी लॉजवरच उतरा," ती म्हणाली. "माझ्या घरी चहाला बी येऊ नका. आले तर मला करावा लागंल. पन किल्ल्यावर जाताना मला हाक मारा. मी येते. मला बी बसायचं हाये."

मी मागं वळून पाहिलं तर भाभी गिरणीच्या दारात उभी. दळणाचा डबा घेऊन आली होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. बद्रुभाईंनी तिला पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा केला. तिनं डबा खाली ठेवला, पुढं आली आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आपा, मी हलीमा. तुमी या. पन येक बराबर ध्यानात ठिवा. डबा आनायचा न्हाई."

"थोडा हलवा तरी? गाजराचा?"

"समुद्रात टाकीन."

तिकडून जे हसू आलं ते माझ्या गिरणीत मावेना. भाभी हसत होती आणि डोळे पुसत होती. सोनाजी आबांनासुद्धा कशानं तरी ठसका लागला. फोन ठेवल्यावर बद्रुभाई मला म्हणाले, "बघा निर्मलाबाई, शेवटी आपलं कोनी तरी निघालंच ना तिथं!" मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते गुपचूप दुकानात गेले.

त्या संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. भाभीला आत येऊ देत नव्हते. निघायच्या दिवशी कळलं. त्यांनी एक पातळ गादी केली होती, गुंडाळून काखेत धरता येईल अशी. तटाचा दगड गार लागंल म्हणून. लाल खोळ, दोघींना बसता येईल एवढी रुंद. आणि टाके स्वतः घातले होते. संसार सुरू झाल्यापासून त्या दुकानातून भाभीच्या टाक्यावाचून बाहेर पडलेली ती पहिली गादी. टाके असे की दारू प्यालेल्या गोमेनं घातले असावेत. भाभीनं गादी उलटून पालटून पाहिली. हात सुईसाठी पदराकडं गेलेला मी पाहिला. नेहमी सुई तिथंच खोवलेली असते. मग तिनं तो हात मागं घेतला.

"चांगली झाली," म्हणाली.

मसाल्याची बरणी तिनं माझ्या हातात दिली. "तुमी वापरा. माझं जेवन हॉटेलात हाये." सोनाजी आबांनी तरीही पिठाची पिशवी आणलीच होती, ती मी ठेवून घेतली. रेल्वे आली. आमच्या गल्लीतलं कोणी ना कोणी सारखं गाडीत बसतंच, पण यावेळी फलाटावर चार माणसं विनाकारण जमली होती. प्रत्येकाला वाटत होतं की यांना निरोप द्यायला आपण असावं, कारण पलीकडं उतरवून घ्यायला कोणी नाही. भाभी खिडकीशी बसली होती. तिनं एकदाही सामान मोजलं नाही.

ते गेले तसे चार-पाच दिवस गिरणीसमोर फार शांत वाटलं. दुकान बंद, घराला कुलूप. औंढ्याचे कोणी पाहुणे आले, कुलूप बघून माझ्याकडं आले. "भाभी कुठं गेल्या?" "रत्नागिरीला." "तिथं कोन हाये त्यांचं?" मी म्हटलं, "समुद्र हाये." ते गोंधळले. मी त्यांना चहा दिला, पण दालचा मागायची त्यांची हिंमत झाली नाही.

परत आल्यावर पहिल्या दुपारी भाभी माझ्याकडं आली. चेहरा उन्हानं रापलेला आणि असा निवांत की मी मोटर बंद करून टाकली. समुद्राचा आवाज रात्री येतो, हे तिनं मला आधी सांगितलं. राजाचा राजवाडा मोठा आहे पण खूप खोल्या आहेत, झाडायला अवघड, हेही सांगितलं. मग किल्ल्याचं.

शाहिस्ता आली ती रिकाम्या हातानं. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. दोघींनी लाल गादी तटावर पसरली. बद्रुभाई चहा आणायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. त्यांना तिथं लातूरकडचा एक माणूस भेटला होता आणि ते नातं लावत बसले होते. खाली होड्या, वारा, आणि दोघी काही न बोलता बसलेल्या. तेवढ्यात शेजारी एक कुटुंब आलं. बाईच्या कडेवर रडणारं लेकरू, एका हातानं ती डबे उघडायला बघत होती, नवरा फोटो काढण्यात दंग. भाजी सांडली.

"माझा हात गुडघ्यावर गेला ताई," भाभी म्हणाली. "उठायला. मला कळलं बी न्हाई कवा गेला. आन् शाहिस्तानं माझी बाही धरली. धरली आन् म्हनली, 'बसा.'"

भाभीनं आपल्या बाहीवरून हात फिरवला.

"जन्मभर मी लोकांना म्हनले. मला कोनी म्हनलं न्हवतं."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय," ती म्हणाली, "बसले."